आठव्या दिवसाचा नळ, हॉलमधला समुद्र

डॉक्टरांनी माझं मीठ बंद केलं, त्याच आठवड्यात आमच्या घरात दहा किलो मिठाची बादली आली. बादली निळी होती, वर माशाचं चित्र होतं आणि तिच्या किमतीत आमच्या कॉलनीतल्या किराणा दुकानातून निदान दोन पोती मीठ आलं असतं. "हे खायचं नाही, बाबा," मुलगा म्हणाला. मीठ खायचं नाही हे मला त्या आठवड्यात सांगणारा तो चौथा माणूस होता.

खायचं नाही, तर करायचं काय? तर हॉलमध्ये समुद्र करायचा. सिडकोतल्या आमच्या घरात जिथं शोकेस होतं (त्यात मुलाची शाळेतली बक्षिसं आणि गावात बीबी का मकबरा असताना आग्र्याहून आणलेला संगमरवरी ताजमहाल), तिथं आता चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच काचेची टाकी आली. साधारण अडीचशे लिटरची. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. गुणाकार मी बँकेत बत्तीस वर्षं केले, त्यामुळे तोंडीच केला: पावणेनऊ किलो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणसानं दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ खावं. म्हणजे आम्हा नवराबायकोचं जवळजवळ अडीच वर्षांचं मीठ एका दुपारी ढवळून टाकलं गेलं आणि मी बाजूला बसून अळणी भाजी खात होतो.

हे मीठ म्हणजे आपलं पोह्यांतलं मीठ नव्हे, हेही मला समजावण्यात आलं. घरच्या मिठात सोडियम आणि क्लोराइड, वर आयोडीन. समुद्रात या दोघांखेरीज सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम अशी सगळी भावकी ठरलेल्या प्रमाणात नांदत असते. प्रमाण बिघडलं की मासे रुसतात. लग्नाच्या पंगतीत मानपान सांभाळलेल्या माणसाला यात नवीन काही नव्हतं.

शेजारच्या काकांना मात्र हे पटलं नाही. काका पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. ते बादलीला बादली म्हणत नाहीत, साठा म्हणतात. घरातला नळ गळत असेल तर "विसर्ग सुरू आहे" असं काकूंना सांगतात. त्यांनी टाकीभोवती एक चक्कर मारली, भिंगातून काचेचे सांधे बघितले आणि म्हणाले, "खारं पाणीच पाहिजे ना? मग विकत कशाला घेता? लोणार आहे की आपलं दीडशे किलोमीटरवर. दोन कॅन आणू."

सूचना वाईट नव्हती. मुंबईचा समुद्र सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढं, लोणार त्याच्या निम्म्याहून कमी. उल्का पडून झालेलं सरोवर, २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालेलं, त्याच वर्षी रामसरच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलेलं. फक्त त्याचा सामू, म्हणजे पीएच, दहाच्या आसपास असतो आणि त्यात समुद्रातला मासा जगणार नाही. समुद्राचा सामू आठच्या जरा वर. "दोनाचाच तर फरक आहे," काका म्हणाले. मुलानं सांगितलं की सामूत एकाचा फरक म्हणजे दहापट, दोनाचा म्हणजे शंभरपट. खात्यातल्या अंदाजपत्रकात एवढा फरक चालत असावा, कारण काकांना तो फारसा मोठा वाटला नाही.

सामू हा शब्द आमच्या घरात मुलानं आणला. आमच्या कामवाल्या मावशी महिनाभर ऐकत होत्या, "सामू किती आहे?", "सामू उतरला का?", "सामूकडं लक्ष ठेव." शेवटी एक दिवस त्यांनी हिला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, हा सामू बिमार राहतो का? कोणाचा पोरगा आहे?"

पाणी झालं, तरी मासे लगेच आले नाहीत. नुसतं खारं पाणी म्हणजे समुद्र नव्हे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते पुष्कळ सौम्य. या दोन्ही जिवाणूंची वस्ती टाकीतल्या दगडांवर बसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर टाकी नुसती रिकामी बघत बसायचं. मुलानं याला इंग्रजीत काहीतरी नाव सांगितलं. ही म्हणाली, "म्हणजे सव्वा महिना. बाळंतिणीसारखा." मग त्याच्या मित्राच्या चालू टाकीतला स्पंजाचा तुकडा आणून आमच्या टाकीत सोडला, म्हणजे जिवाणू लवकर धरतील. त्याला ही विरजण म्हणाली. त्या दिवसापासून मला या छंदातलं सगळं कळायला लागलं. आमच्या स्वयंपाकघरात हे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या होतं, फक्त त्यात मासे सोडायचं कोणाला सुचलं नव्हतं.

मासे आले ते असे: नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाऊनफिश, म्हणजे २००३ च्या त्या सिनेमातला निमो, आणि पोपटी झाक असलेले तीन क्रोमिस. क्लाऊनफिश समुद्रातून पकडलेले नव्हते. त्यांची बंदिस्त पाण्यात पैदास करण्याचं तंत्र आपल्याच केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेनं बसवलेलं आहे. म्हणजे या माशांनीही समुद्र पाहिलेला नव्हता. त्या बाबतीत ते अस्सल मराठवाड्याचे निघाले. पाहुणे विचारत, प्रवाळ कुठं आहेत? प्रवाळ नाहीत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळ थेट वाघाच्या पंगतीला बसलेले आहेत. ते घरात ठेवले तर माशांआधी आपल्यालाच काचेआड जावं लागेल. आमच्या घरात पोवळं आहे ते एकच, हिच्या अंगठीत, मंगळासाठी. ते कुणी जप्त करणार नाही असं सोनारानं सांगितलंय.

मग वर्षभरात मुलाची वाळूजची नोकरी सुटली आणि पुण्याची लागली. पुण्याच्या घरमालकानं मांजर चालेल म्हटलं, समुद्र नको म्हटलं. "बाबा, फक्त दोन महिने," मुलगा जाताना म्हणाला. खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर माझ्या हातात दिला, टेस्ट किट हिच्या हातात दिली आणि उंबऱ्यावर उभं राहून त्यानं शेवटचा उपदेश केला: "आकडा थोडा चुकला तरी चालेल. पण हलता कामा नये. पाणी स्थिर पाहिजे."

स्थिर पाणी. या शहरात.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडं नळाला पाणी येतं असं कोणी म्हणत नाही, नळ येतात. नळ येणं हा जावई येण्यासारखा प्रकार आहे: दिवस ठरलेला, वेळ नाही, आणि आले की सगळं घर पळतं. कधी पाचव्या दिवशी येतात, कधी आठव्या, उन्हाळ्यात त्याहून लांब. पुण्यामुंबईचे लोक भेटल्यावर हवापाण्याच्या गप्पा करतात. आम्ही हवा वगळतो. "तुमच्याकडं आले का?" "परवा आले होते, दीड तास." "फोर्स होता का?" एवढ्यात एकमेकांची सगळी खुशाली कळते.

आणि पाणी काही लांब नाही. पैठणला जायकवाडीचा नाथसागर आहे, शंभर टीएमसीच्या वर पोटात घेणारा. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ साली पायाभरणी केली, इंदिरा गांधींनी १९७६ साली उद्घाटन केलं. तो भरला की दरवाजे उघडल्याचे फोटो पेपरात येतात, माणसं सहकुटुंब बघायला जातात आणि घरी येऊन टँकरला फोन करतात. त्याही आधी चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरानं डोंगरातलं पाणी नुसत्या उताराच्या जोरावर खापरी नळांतून गावात खेळवलं होतं. पाणचक्की बघायला जा, तुम्हाला कळेल. पाण्याच्या दाबावर जातं फिरायचं. एक मोटार नाही, एक वायर नाही. आमच्या अडीचशे लिटरांना पाच मोटारी लागतात: एक पाणी वर चढवायला, दोन लाटा करायला, एक फेस काढणाऱ्या स्किमरला आणि एक काय करते ते मुलालाच माहीत, पण ती बंद पडली की त्याचा पुण्याहून फोन येतो. मलिक अंबर आज आमच्या हॉलमध्ये आला असता तर आधी वीजबिल बघून बसला असता.

शिवाय नळाचं पाणी जसंच्या तसं टाकीत घालायचं नाही. त्यात क्लोरीन असतं, बोअरच्या पाण्यात खडकाचे क्षार असतात. म्हणून आधी सगळे क्षार काढून पाणी शून्यावर आणायचं आणि मग त्यात विकतचे क्षार घालायचे. हे ऐकून मावशींनी कपाळाला हात लावला. त्याहून वाईट गोष्ट अशी की क्षार काढणाऱ्या यंत्रातून एक लिटर शुद्ध पाणी निघतं तेव्हा साधारण तीन लिटर नाकारलेलं पाणी दुसऱ्या नळीतून बाहेर पडतं. ज्या गल्लीत बायका भाजी धुतलेलं पाणी कुंडीत घालतात, त्या गल्लीत माझ्या बाल्कनीतून रात्रभर बारीक धार वाहणार! पहिल्याच रात्री समोरच्या तीन खिडक्यांचे दिवे लागले. तेव्हापासून ते पाणी आम्ही पिंपात धरतो. त्यावर फरशी, भांडी, स्कूटर, जिना, आणि उरलं तर जिन्याखालची दुसऱ्यांची स्कूटर.

स्थिरतेचा दुसरा शत्रू ऊन. पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मागं राहतं. मे महिन्यात आमच्या टाकीतून दिवसाला पाच लिटर पाणी उडतं. म्हणजे ३५ चं ३५.७. आठ दिवस लग्नाला गेलात तर चाळीसच्या वर, आणि परत आल्यावर घरात खारवलेले मासे. म्हणून रोज सकाळी पाच लिटर गोडं पाणी वरून घालायचं. गोडंच, खारं नव्हे. एवढं कळायला मला एक महिना आणि मुलाचे चार फोन लागले. पण उन्हाळ्याची एक गंमत सांगायलाच हवी. टाकीतलं पाणी अठ्ठावीसच्या वर गेलं की माशांना धाप लागते. हॉल छत्तीसवर. पुण्याहून हुकूम आला: चिलर घ्या. चिलरची किंमत ऐकून मलाच धाप लागली. मग काकांनी टेबलफॅन आणून पाण्यावर तिरका लावला आणि दोन तासांत पाणी अडीच अंशांनी उतरलं. माठाचंच शास्त्र. बाष्प उडतं, उष्णता घेऊन जातं. मुंबईच्या दमट हवेत हा पंखा नुसता गरगरतो, बाष्पाला जायला हवेत जागाच नसते. समुद्र त्यांच्याकडं, पण समुद्र गार करणारी कोरडी हवा आमच्याकडं. मराठवाड्याचा अनुशेष मोजणाऱ्यांनी ही एक जमा बाजू धरावी.

टाकीच्या तपासण्या हा हिचा विभाग. बाटलीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं आणि आलेला रंग तक्त्यावरच्या रंगांशी जुळवायचा. अमोनिया नसेल तर पिवळा, असेल तर हिरवा, आणि मधल्या सगळ्या छटा. मला पिवळा, हिरवा आणि "बरा" एवढेच रंग दिसतात. ही गुलमंडीवर चाळीस वर्षं साडीला मॅचिंग शोधत आलेली बाई. खिडकीशी उभी राहून बाटली उजेडात धरते आणि सांगते, "हा लिंबी आहे. कालचा चाफेकळी होता. ह्यात किंचित पोपटी धूपछाँव मारतेय." मुलगा हे ऐकून पुण्यात आकडा लिहून घेतो. कालनिर्णयावर आता दुधाच्या हिशेबाशेजारी आमच्याकडं चार नोंदी असतात: नळ आले की नाही, खारेपणा, सामू आणि केएच. केएच म्हणजे पाण्याची सामू धरून ठेवण्याची ताकद, असं मी समजतो. जिवाणू काम करता करता ती हळूहळू खर्च करतात. ती एकानं वाढवायची तर आमच्या टाकीला साडेसात ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. भज्यांना उरत नाही. तशी भजीही मला बंदच आहेत.

सामू कशानं उतरावा? आमच्याकडं तो सत्यनारायणानं उतरला. पूजेला चाळीस माणसं हॉलमध्ये, दारं-खिडक्या बंद, कारण बाहेर डासांची फौज. संध्याकाळी बघतो तर ८.२ चा ७.९. मला वाटलं, तीर्थ पडलं की काय टाकीत. मुलगा फोनवर म्हणाला, "माणसं किती होती?" चाळीस माणसांनी तीन तास सोडलेला उच्छ्वास, त्यातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला आणि पाणी आम्लाकडं सरकलं. म्हणजे आमच्या नातेवाइकांच्या नुसत्या श्वासानं वातावरण बिघडतं, हे जे मी लग्न झाल्यापासून म्हणत होतो, ते आता थेंब टाकून सिद्ध करता येतं. (कोणाकडच्या नातेवाइकांच्या, यावर आमच्यात एकमत नाही.) उपाय दोन: खिडक्या उघडायच्या किंवा रोजच्या गोड्या पाण्यातून थोडी चुन्याची निवळी द्यायची. मी तडक कोपऱ्यावरच्या पानटपरीवर गेलो आणि पाव किलो चुना मागितला. तो माझ्याकडं बघत राहिला. "अंकल, इतना किसको लगाना है?" समुद्राला, असं म्हणायचं तोंडावर आलं होतं. पण पानाचा चुना चालत नाही म्हणे, शुद्ध भुकटी पाहिजे. आम्ही खिडक्या उघडल्या. मासे सावरले, डासांनी आम्हाला फोडून काढलं.

लाईट गेली की आणखी वेगळाच देखावा. इन्व्हर्टरवर पूर्वी हॉलचा पंखा आणि टीव्ही होता. आता त्यावर लाटा आहेत. पाणी हललं नाही तर प्राणवायू विरघळत नाही, मासे गुदमरतात, जिवाणूही. त्यामुळे गल्ली अंधारात, आम्ही दोघं घामाघूम वर्तमानपत्रानं वारा घेत, आणि समोर निळ्या उजेडात पाच मासे भरतीच्या झुळकांवर डुलतायत. रोज रात्री मुलाचा व्हिडिओ कॉल येतो. "बाबा, कॅमेरा जरा उजवीकडं." उजवीकडं टाकी असते. एकदा हिनं सरळ त्याला विचारलं, "माशांचं पाणी आठवड्यातून दोनदा तपासायला सांगतोस. बापाची शुगर कधी तपासली विचारलंस का?" तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "विचारणारच होतो. पण आधी नायट्रेट सांग."

असं सगळं डुगडुगत का होईना, स्थिर चाललं होतं. मग २०२३ साली अधिक श्रावण आला आणि पैठणहून आई आली.

आईचं वय ब्याऐंशी. लहानपणापासून तिचा नेम आहे: अधिक महिन्यात रामनामाच्या चिठ्ठ्या कणकेच्या गोळ्यांत घालून गोदावरीतल्या माशांना द्यायच्या. अधिकात सगळं तेहेतीसच्या हिशेबानं, म्हणून रोज तेहेतीस गोळ्या. त्या वर्षी पाय दुखत होते, घाट उतरवत नव्हता. आणि इथं बघते तर देवानं मासे थेट हॉलमध्ये पाठवलेले. कोणाला सांगायचं काय त्यात? दुपारी आम्ही दोघं आडवे झालो की ती हळूच टाकीचं झाकण उचलायची.

नदीचं पोट मोठं असतं. आमच्या समुद्राचं अडीचशे लिटर. तिसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं झालं, क्रोमिस पृष्ठभागाशी येऊन तोंडं वासायला लागले आणि एक मोटार बंद पडली. उघडली, तर जाळीत चिठ्ठ्यांचा लगदा. रामनाम पाण्यावर तरंगतं हे सेतूपासून ऐकून होतो. ते मोटारीत अडकतं हे नव्यानं कळलं. हिनं बाटली उजेडात धरली आणि पहिल्यांदाच तिचा आवाज कापला. "शेवाळी," ती म्हणाली.

पुण्याहून आज्ञा आली: निम्मं पाणी बदला. सव्वाशे लिटर. आमच्याकडं कालवून ठेवलेलं खारं पाणी चाळीस लिटर होतं. ते संध्याकाळीच दिलं. राहिलं पंच्याऐंशी. म्हणजे यंत्राला तीनशे चाळीस लिटर पाहिजे. खालच्या हौदात तळ दिसत होता, तो सातवा दिवस होता.

काका न बोलावताच आले. वही, टॉर्च, मोजपट्टी. हौदात पट्टी बुडवून म्हणाले, "मृतसाठा." मग त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर बैठक घेतली. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू टिल्लू पंप लावतात, त्यामुळे आमच्या हौदात नळाची नुसती करंगळी येते. काकांच्या मते हा सरळसरळ ऊर्ध्व खोऱ्यानं अडवलेल्या पाण्याचा प्रश्न होता. ते स्वतः वर गेले. काय बोलले माहीत नाही, पण जिन्यातून "समन्यायी वाटप" हे शब्द तीनदा ऐकू आले, आणि नळ आल्यावर पहिला पाऊण तास पंप बंद ठेवायचं ठरलं.

मी आईला म्हटलं, "आई, गल्लीत लोक प्यायच्या पाण्यासाठी रात्र जागतात, आणि आपण तीनशे चाळीस लिटर पाच माशांपायी घालवणार. बरं दिसत नाही."

आई पैठणची. तिनं जपमाळ खाली ठेवली. "अरे, नाथांनी रामेश्वराला चाललेली गंगेची कावड वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजली. तू नळाच्या पाण्याचा हिशेब सांगतोस?"

या कथेत माझी भूमिका नाथांची की दुसरी, हे मी विचारलं नाही.

नळ आले रात्री दोन चाळीसला. गल्लीत एकदम सगळ्या मोटारी घोंगावल्या, लोखंडी फाटकं वाजली, कोणीतरी "आले, आले" असं ओरडलं. काका लुंगीवर आमच्या हौदाशी उकिडवे बसून होते. दर दहा मिनिटांनी पट्टी बुडवायची, टॉर्च मारायची, वहीत लिहायचं. पाऊण तास ठरल्याप्रमाणे वरचा पंप गप्प होता आणि हौद असा भरला जसा आम्ही घर घेतल्यापासून कधी भरला नव्हता. मग यंत्र सुरू केलं. तासाला बारा लिटर. सकाळी साडेदहापर्यंत थेंब थेंब. त्यात मीठ घालून दिवसभर फिरवलं, संध्याकाळी खारेपणा बघितला, ३५, आणि मगमध्ये घेऊन हळूहळू, लेकराला आंघोळ घालावी तसं टाकीत सोडलं. काढलेलं जुनं पाणी तुळशीला घालू का, असं आईनं विचारलं. त्या एका प्रश्नाला घरातले सगळे एकदम नाही म्हणाले. एक क्रोमिस गेला. आईनं त्या दिवशी एक वेळचं जेवण सोडलं आणि उरलेल्या अधिक महिन्याच्या गोळ्या भावाला फोन करून पैठणला घाटावर पाठवायला लावल्या. चौथ्या दिवशी हिची बाटली पुन्हा लिंबी झाली.

राहता राहिले काका. त्या रात्री आमचा विसर्ग मोजण्याच्या नादात त्यांनी स्वतःच्या घरची मोटार लावलीच नाही. पहाटे साडेचारला वही मिटून ते घरी गेले तेव्हा नळ गेले होते. काकू दारात उभ्या. "खातं सुटून बारा वर्षं झाली," त्या आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "दुसऱ्यांना पाणी सोडायची सवय काही सुटली नाही." आठ दिवस त्यांच्याकडं जारचं पाणी आणि टँकर. शरमेपोटी मी आमच्या यंत्राच्या नाकारलेल्या पाण्याची नळी कंपाउंडच्या भिंतीवरून त्यांच्या टाकीत सोडून दिली. त्या पाण्यावर त्यांची भांडी होतात, गुलाब जगले, काकू माझ्याशी पुन्हा बोलायला लागल्या. नळी काढायचं दोघांपैकी कोणीच नाव घेतलं नाही.

त्या वर्षी पाऊस ओढ देऊन होता आणि जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खालीच होतं. म्हणजे नियमानं वरच्या नाशिक-नगरच्या धरणांनी खाली पाणी सोडायचं की नाही, याच्या वाटाघाटी पेपरात रोज. १५ ऑक्टोबर ही त्या हिशेबाची तारीख. त्या सकाळी साडेसातला आमची बेल वाजली. दारात काका. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, काखेत वही.

"चहा घ्या," मी म्हटलं.

"चहा नंतर. आधी तुमच्या वरच्या टाकीचा साठा दाखवा. माझी खालची बावन्न टक्क्यांवर आहे."